तुम्ही विचारलंत म्हणून : काचेच्या केबिनमधलं बोलणं

आमच्या बँकेत नव्याने लागलेली मुलं पंचविशीच्या आतबाहेरची आहेत. माझ्या लहानपणी आमच्या घरचा एसटीडी बूथ, म्हणजे पैसे देऊन बाहेरगावी फोन करायची जागा, होता, हे एकदा जेवणाच्या सुट्टीत बोलता बोलता निघालं आणि तेव्हापासून प्रश्न सुरू झाला. "मॅडम, मोबाइल नव्हते तेव्हाच बरं होतं ना?" लग्नकार्यात भाचरं हेच विचारतात. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगीही हेच विचारते. विचारणाऱ्याच्या आवाजातच उत्तर असतं. माणसं एकमेकांच्या घरी जायची, कुणाला घाई नव्हती, असं मी सांगावं आणि त्यांनी हळहळावं, एवढीच अपेक्षा असते.

मला ते "हो" पटकन म्हणता येत नाही. गेल्या आठवड्यात परत एकीने विचारलं, तेव्हा म्हटलं, आता लिहूनच काढते.

आमचा बूथ विट्यात होता. विटा म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचं ठिकाण. हे मुद्दाम सांगते, कारण दुसऱ्या एखाद्या गावात बूथ असता तर माझं उत्तर वेगळं झालं असतं. आमचा भाग दुष्काळी. पावसाच्या भरवशावरच्या शेतीत घर चालेना, म्हणून इथली माणसं गलाईच्या धंद्यात शिरली. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. जुने दागिने, मोड, सोनारांच्या दुकानातली झाडलोटसुद्धा घ्यायची, आटवायची आणि त्यातून शुद्ध धातू वेगळा काढायचा. खानापूर, आटपाडी, तासगाव या बाजूची माणसं हा हुन्नर घेऊन देशभर गेली. त्रिशूर, कोइमतूर, मदुराई, पार गुवाहाटीपर्यंत. आमच्या गल्लीत घरटी एक माणूस तरी बाहेर होता. गावात राहिली ती म्हातारी माणसं, बायका आणि पोरं. कमावता माणूस दोन-तीन दिवसांच्या रेल्वेप्रवासाइतका लांब. त्यामुळे आमच्याकडे फोन ही चैन कधी नव्हतीच. नवरा, बाप किंवा मुलगा या गावात आवाजानेच नांदत होता म्हणायला हरकत नाही.

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. लहानपणी पोलिओ होऊन त्यांचा डावा पाय गेला. बूथ देताना अपंग, विधवा, माजी सैनिक यांना प्राधान्य असायचं, त्यातून 1991 साली अण्णांना बूथ मिळाला. घराची रस्त्याकडची खोली मोकळी केली. पिवळी पाटी लागली. आत एक काचेची केबिन, तीत फोन, एक लाकडी स्टूल. बाहेर अण्णांचं टेबल, त्यावर लाल आकड्यांचा मीटर आणि पावती छापणारं छोटं मशीन. बोलणं संपून रिसीव्हर ठेवला की ते मशीन चिर्रचिर्र करत कागदाची पट्टी बाहेर काढायचं. नंबर, वेळ, किती मिनिटं, किती पैसे. तो आवाज आजही एटीएममधून पैसे काढताना ऐकला की मी क्षणभर दहा-अकरा वर्षांची होते.

त्याआधीचं मला अंधुक आठवतं, ते ट्रंक कॉलचे दिवस. टेलिफोन एक्स्चेंजला, म्हणजे फोनच्या लाइनी जोडणाऱ्या केंद्राला, नंबर सांगून कॉल बुक करायचा आणि फोनपाशी बसून राहायचं. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन प्रकार. घाई जितकी, तितके पैसे जास्त. लग्नपत्रिकेवर फोन नंबरापुढे "पी. पी." असं छापलेलं असायचं. त्याचा अर्थ, हा फोन आमचा नाही, शेजाऱ्याचा आहे, माणसाला हाक मारून आणावं लागेल. मधे ऑपरेटर न घेता थेट नंबर फिरवायची सोय, म्हणजे एसटीडी, देशात पहिल्यांदा 1960 साली कानपूर आणि लखनौ या दोन शहरांत सुरू झाली. आमच्या पुढच्या खोलीत ती यायला मध्ये तीस वर्षं गेली. त्या तीस वर्षांतल्या शेवटच्या काही वर्षांनी मोठा फरक पडला. 1984 मध्ये दूरसंचार तंत्रज्ञ सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था उभी राहिली आणि तिने खेड्यांसाठी 128 लाइनींचं एक लहान एक्स्चेंज बनवलं. वातानुकूलन नसलेल्या खोलीत, उन्हातान्हात, धुळीत चालेल असं. शहरातल्या माणसाला याचं काही वाटणार नाही. पण वीज जाणाऱ्या आणि मे महिन्यात पत्रे तापणाऱ्या गावात फोन पोचायचा असेल तर यंत्रही त्याच गावचं असावं लागतं, हे कुणालातरी सुचलं, याबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो.

आता दराचं सांगते, कारण बोलणं कसं व्हायचं हे त्यावरच ठरायचं. मीटर पल्स मोजायचा. पल्स म्हणजे मीटरचा एक आकडा पुढे सरकेपर्यंत मिळणारा बोलण्याचा वेळ. गाव जितकं लांब, तितका पल्स छोटा, म्हणजे आकडा तितका भरभर पळणार. दिवसा पूर्ण दर, संध्याकाळनंतर निम्मा, रात्र चढेल तसा आणखी कमी होत होत शेवटी पाव. गुवाहाटीशी दिवसा बोलायचं तर मिनिटाला तीस रुपयांच्या वर जायचे. त्या काळात शेतात खुरपायला जाणाऱ्या बाईला दिवसभराची मजुरीही तेवढी मिळत नव्हती. म्हणून आमच्या बूथवर खरी गर्दी रात्री जेवणं झाल्यावर. अंगणात बाक टाकलेले असायचे. बायका पोरांना मांडीवर निजवून नंबराची वाट बघत बसायच्या. म्हातारे लोक नंबर लिहिलेली चिठ्ठी धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे. कुणी काडेपेटीवर, कुणी तळहातावर लिहून आणलेला असायचा. मला सगळे कोड पाठ होते. त्रिशूर 0487, कोइमतूर 0422, मदुराई 0452, गुवाहाटी 0361. भूगोलात मी कधी कच्ची नव्हते ती यामुळेच.

लाइन लागली की आत गेलेला माणूस ओरडायलाच लागायचा. अंतर लांब म्हणून आवाज मोठा हवा, असं सगळ्यांना वाटायचं. डोळे आकड्यांवर. एक आजोबा सांगायचे मुद्दे बोटांवर मोजून यायचे. एक बोट, विहिरीला पाणी कमी झालं. दुसरं बोट, धाकटीला स्थळ आलंय. तिसरं बोट, औषध संपलं. तिसरं बोट मिटलं की "ठेवतो रं" म्हणून रिसीव्हर खाली. मुलगा तिकडून काही म्हणत असला तरी. नंतर बाकावर बसून चुटपुटायचे, "त्याचं काही इचारलंच न्हाई." पुढच्या पंधरवड्यात परत तेच.

हे मी या मुलांना सांगते तेव्हा त्यांना गंमत वाटते. मला तेव्हाही वाटायची नाही. बापाला मुलाशी बोलायचं आणि एकेक बोट मिटत जायचं.

फोन करणाऱ्यांपेक्षा फोन येणाऱ्यांचं काम आमच्याकडे जास्त चालायचं. तिकडून, दुकान बंद झाल्यावर, माणूस आमच्या नंबरवर फोन करायचा. "अण्णा, घरच्यांना बोलवा, पंधरा मिनिटांनी परत लावतो." अण्णा वहीत लिहायचे आणि मला हाक मारायचे. त्यांचा पाय तसा, म्हणून पळायचं काम माझं. पावसाळ्यात, अंधारात, कुत्री मागे लागत असताना मी पळाले आहे. दारात जाऊन म्हणायचं, "काकी, त्रिशूरचा फोन." मग त्या घरात जी धांदल उडायची! चुलीवरचं उतरवायचं, पदर नीट करायचा, पोरगं काखेत मारायचं. मी पुढे, त्या मागे. परत येईपर्यंत फोन वाजला तर अण्णा तो उचलून "आल्याच, आल्याच" म्हणत धरून ठेवायचे. आणि कधी पंधरा मिनिटांचे दोन तास व्हायचे. तिकडून लाइनच लागायची नाही. ती बाई बाकावर बसून राहायची, शेवटी अण्णा म्हणायचे, "पोरी, जा आता घरी, आला तर हिला पाठवतो." ती जाताना तीनदा मागे वळून बघायची.

अण्णांचा एक नियम होता. मरणाचा निरोप मी न्यायचा नाही. असा फोन आला की ते वहीत काही लिहायचे नाहीत. दुकान आईवर सोपवून तीनचाकी सायकलवर स्वतः निघायचे. त्या घरी जाऊन आधी घरातल्या थोरल्या पुरुषाला बाहेर बोलवायचे, शेजारच्या दोघांना जवळ उभं करायचे आणि मग सांगायचे. त्याआधी लोकांकडे तार यायची, आणि तारवाला गल्लीत दिसला की ज्याच्या दारात तो थांबेल त्या घरातल्या बायका कागद उघडायच्या आधीच रडायला लागायच्या. अण्णांनी ते लहानपणी बघितलं होतं. त्यांच्या आजोळी मामा गेल्याची तार एका शाळकरी पोराने वाचून दाखवली होती. ते म्हणायचे, "कागद वाचून मोकळा हुतो, माणसानं मोकळं होऊ नये." 2013 च्या जुलैत तार कायमची बंद झाली तेव्हा अण्णा हयात होते. पेपरातली बातमी त्यांनी दोनदा वाचली आणि घडी घालून उशाखाली ठेवली.

यातलं मला जे खरंच मोलाचं वाटतं ते सांगायचं तर एकाच दिवसाबद्दल सांगेन.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून गाव दमून झोपलेलं. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. आमच्या फडताळातली भांडी वाजली, एक तांब्या खाली पडून गडगडत गेला. मोठी माणसं अंगणात आली आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, "कोयना." 1967 च्या डिसेंबरचा भूकंप त्यांच्या अंगात बसलेला होता. किल्लारीचं नाव तेव्हा आमच्यात कुणी ऐकलेलंही नव्हतं.

उजाडलं आणि फोन सुरू झाले. महाराष्ट्रात भूकंप झाला एवढंच बाहेर कळलेलं. कुठे, केवढा, काही नाही. त्रिशूरमधून, मदुराईतून, आणखी कुठून कुठून माणसं एकामागून एक आमचा नंबर फिरवत होती. रिसीव्हर ठेवला की लगेच परत घंटी. अण्णांनी प्रत्येकाला एकच विचारलं, "कुणाचं घर? किती वाजता परत लावणार?" आणि मी पळत सुटले. त्या दिवशी शाळा नाहीच. प्रत्येक दारात जायचं, "सगळी बरी हायत का, तिकडनं विचारलंय." बायका सांगायच्या, "सांग, भांडी वाजली तेवढीच." एकीने सांगितलं, "सांग, म्हातारी घाबरलीय पण च्या पिली." मी परत येऊन ते तसंच्या तसं सांगायचे, अण्णा नावापुढे लिहून ठेवायचे, आणि पुढचा फोन आला की वहीतून वाचून दाखवायचे. "हां, तुमची आई, घाबरली होती, चहा घेतला." पलीकडचा माणूस काहीच बोलायचा नाही बराच वेळ. दुपारपर्यंत गल्लीतली चार-पाच पोरं माझ्यासोबत पळायला लागली होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी. त्या दिवशी वहीची सात पानं भरली. रात्रीच्या बातम्यांमध्ये लातूर-उस्मानाबादचं चित्र दिसलं. जवळपास दहा हजार माणसं गेली होती. अण्णांनी वही मिटली आणि त्या रात्री जेवले नाहीत.

त्या सात पानांमधलं एकही नाव मोबाइल असता तर वहीत आलं नसतं, हे खरं. सगळ्यांना दोन मिनिटांत आपापलं माणूस बरं असल्याचं कळलं असतं. आणि तेच चांगलं झालं असतं. मदुराईच्या एका माणसाला त्याच्या घरचं उत्तर मिळायला दुपारचे दोन वाजले, कारण त्याचं घर मळ्यात होतं आणि मला तिथपर्यंत जाऊन यायला वेळ लागला. पहाटेपासून दोनपर्यंत तो माणूस कसा बसला असेल? आमची पळापळ मला प्रिय आहे, पण त्याच्या त्या वाट बघण्याच्या बदल्यात ती मला नको.

पत्रांबद्दल फार सांगत नाही, ते सगळ्यांनी सांगितलेलं आहे. फक्त एक. 415311 हा विट्याचा पिन कोड मी पाढ्यांच्याही आधी शिकले, कारण इनलँडवर पत्ता लिहून द्यायला बायका माझ्याकडे यायच्या. ही पिन कोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, संस्कृतचे मोठे कवी. एका नावाची गावं देशात कितीतरी, लिप्या वेगळ्या, त्यात पत्ता लिहिणाऱ्याचं अक्षर. त्रिशूरच्या टपालात मराठी कोण वाचणार? सहा आकडे मात्र कुणालाही वाचता येतात. माझ्या वेड्यावाकड्या अक्षरातली पत्रंही त्या आकड्यांमुळे पोचली.

पोचलेलं पत्र मात्र ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात राहील, असं नव्हतं. मुख्य गोष्ट इथे येते. नवऱ्याचं पत्र आलं की ते घरात सगळ्यांसमोर वाचलं जायचं. वाचता येणारा दीर किंवा शाळकरी पोर मोठ्याने वाचणार, सासू-सासरे ऐकणार, आणि जिच्यासाठी ते लिहिलेलं ती भाकरी थापत पाठमोरी बसलेली. हे माहीत असल्यामुळे नवराही पत्रात पाऊसपाणी आणि थोरांना नमस्कार एवढंच लिहिणार. मनीऑर्डरच्या कुपनावरच्या दोन ओळी पोस्टमनने आधीच वाचलेल्या असायच्या. आणि फोन? आमची केबिन काचेची होती. तिचं दार नीट बसायचं नाही. आतला शब्द अन् शब्द बाकापर्यंत यायचा. वर सगळे ओरडून बोलणार.

यात माझ्या हातून एकदा वाईट झालं. मी बारा वर्षांची असेन. एका घरची थोरली मुलगी, तिचं ठरत आलेलं लग्न मुलाकडच्यांनी मोडलं, हे मी केबिनबाहेर बसून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत माझ्या मैत्रिणीला सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर झालं. त्या मुलीला घरच्यांनी सांगायच्या आधी ते तिला नळावर कळलं. अण्णा मला तिच्या घरी घेऊन गेले. मी माफी मागितली. ती काहीच बोलली नाही, आत निघून गेली. अण्णांनी मला महिनाभर बूथवर बसू दिलं नाही. त्यांचं वाक्य होतं, "इथं ऐकलेलं इथंच ठेवायचं. ते आपलं न्हाई." त्यानंतर मी कुणाचं काही बाहेर बोलले नाही. आत्ताही इथे ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना विचारूनच लिहिते आहे.

आमच्या वरच्या आळीत एक काकी होती. लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस-वीसची. नवरा लग्नानंतर महिन्याभरात त्रिशूरला परत गेला. तिथे दुकानाच्या वरच्या खोलीत सहा जण राहायचे, बायकोला कुठे नेणार? दर दुसऱ्या रविवारी रात्री त्याचा फोन यायचा. मी बोलवायला जायचे. काकी यायची, पण एकटी नाही. सासू सोबत. केबिन एकाच माणसाची, तरी सासू आत शिरायची आणि तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहायची. आधी सासू बोलणार. मग रिसीव्हर सुनेच्या हातात. सुनेचं बोलणं मला पाठ झालं होतं. "हं. बरं. मिळाले. जेवला का? बरं." आणि शेवटी, ठेवण्याआधी, एक प्रश्न हमखास. "तिकडं पाऊस हाय का?"

ती हे बारा महिने विचारायची. एप्रिलात, थंडीत, दसऱ्याला. दसऱ्याला आमच्याकडे पालख्यांची शर्यत असते आणि त्या दिवशी देशभरातून एकच फोन यायचा, "पालखी कुणाची पुढं?" त्या गोंधळातसुद्धा ती पाऊसच विचारायची. बाकावरची माणसं हसायची. मलाही कळायचं नाही. एवढे पैसे पळताहेत आणि ही हवा विचारते.

चार वर्षं हे चाललं. मग 1997 च्या सुमारास तो तिला त्रिशूरला घेऊन गेला.

मला उलगडा झाला तो फार नंतर. माझ्या मुलाच्या बारशाला ती आली होती, तेव्हा मी सहज म्हटलं, काकी, तुम्ही तो पाऊस का विचारायच्या? ती बराच वेळ बाळाच्या अंगावरची दुपटी सारखी करत राहिली. मग म्हणाली, लग्नानंतर तो परत जायच्या आदल्या रात्री त्यांचं ठरलं होतं. सगळ्यांसमोर तिला काही बोलता येणार नाही हे त्याला माहीत होतं. "पाऊस हाय का" म्हणजे मला इथं करमत नाही, मला तिकडं ने. तो "ढग आलेत" म्हणाला तर खोली बघतोय. "कोरडं हाय" म्हणाला तर अजून जमत नाही. चार वर्षं तो "कोरडं हाय" म्हणत होता. सासूबाई वाईट नव्हत्या, हेही तिने लगेच सांगितलं. त्यांनाही मुलाचा आवाज पंधरा दिवसांनीच मिळायचा, तो जेवढा ऐकता येईल तेवढा ऐकायला त्या आत उभ्या राहायच्या.

तेव्हापासून "तेव्हाच बरं होतं ना" असं कुणी विचारलं की मला तो "कोरडं हाय" आठवतो. मी तो ऐकलेला नाही. मी फक्त तिचा चेहरा बघितला आहे, काचेतून, रिसीव्हर ठेवतानाचा.

पुढचं थोडक्यात. 31 जुलै 1995 ला देशातला पहिला मोबाइल फोन कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत तेव्हाचे दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला. सुरुवातीला आलेल्या फोनचेही पैसे पडायचे, त्यामुळे आमच्या बूथला धक्का लगेच लागला नाही. 2003 मध्ये येणारे फोन फुकट झाले आणि वर्षभरात आमचे बाक रिकामे झाले. जे बूथवर येत ते आता आपल्या ओट्यावर बसून बोलत होते. अण्णांना धंदा गेल्याचं दुःख झालं, नाही म्हणत नाही. घर त्यावर चालत होतं. मला नोकरी लागेपर्यंत दोन वर्षं ओढाताणीची गेली. 2006 मध्ये त्यांनी पाटी उतरवली. मीटर भंगारात गेला. वह्या मात्र त्यांनी दिल्या नाहीत, ट्रंकेत ठेवल्या. ते गेल्यावर मी त्या एकदा उघडल्या. नाव, गाव, वेळ, आणि पुढे "बोलावले", "आल्या", "लाइन नाही". किल्लारीच्या दिवसाची सात पानं जरा जास्त मळलेली आहेत. काकीच्या नवऱ्याचं नाव दर दुसऱ्या रविवारी आहे.

काकी आता परत विट्यात असते. त्यांनी इथे घर बांधलं. मुलगा त्रिशूरचं दुकान बघतो आणि काका अजून सहा-सात महिने तिकडेच असतात, त्याला हात द्यायला. गेल्या दिवाळीनंतर मी तिच्याकडे गेले होते. तिने चहा ठेवला, दोन कप ओतले, आणि तिचा फोन वाजला. तिने स्क्रीनवर बघितलं, मला म्हणाली, "बस हां जरा," आणि आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. कडी लागल्याचं मला ऐकू आलं. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही, एकदा ती हसली तेवढंच.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझा चहा संपला होता, तिचा गार झाला होता. तिने तो परत चुलीवर ठेवला.